हिशेबाची वेळ

एखाद्या पुढाऱ्याच्या कपड्यांपासून नीतीच्या प्रश्नाची चर्चा सुरू करणे काहीसे हलकेपणाचे वाटेल. पण नीतीचे प्रश्न नेहमीच भारदस्त वेषात आपल्यापुढे येतात असे नाही. पुष्कळदा ते शिंप्याच्या बिलाचे रूप घेऊन येतात. २०१९ साली अमेरिकेत काही खासगी पत्रे उघडकीस आली. बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी झगडणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशन या जगप्रसिद्ध संस्थेचे सूत्रधार वेन लापियेर यांनी बेव्हर्ली हिल्स या श्रीमंत वस्तीतील एका दुकानातून काही वर्षांत जे पोशाख घेतले, त्यांची किंमत पावणेतीन लाख डॉलरांच्या घरात गेली होती, असे त्यांत म्हटले होते. हे बिल संस्थेच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या एका कंपनीच्या खात्यावर पडत असे. दूरदर्शनवर संस्थेची बाजू मांडावी लागते, म्हणून त्या कंपनीच्याच सल्ल्यावरून कपडे घेतले, असा खुलासा लापियेर यांनी केला.

हा खुलासा खोटाच असेल असे मी म्हणत नाही. मोठ्या संस्थेच्या प्रमुखाने चारचौघांत नीटनेटके दिसावे, एवढे कोणीही मान्य करील. प्रश्न कापडाच्या प्रतीचा नाही. प्रश्न असा, की संस्थेचा पैसा ज्यांच्या खिशातून येतो त्यांना त्याच्या वाटा ठाऊक होत्या काय? ठाऊक नसतील, तर विचारण्याचा त्यांना हक्क होता काय? आणि हक्क होता, तर त्यांनी विचारले का नाही? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांत सापडते आणि दुसऱ्याचे कायद्यात. तिसरा मात्र माणसाच्या मनाचा प्रश्न आहे, आणि मला लिहावयाचे आहे ते त्या तिसऱ्याविषयी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बंदुकीविषयी मला प्रेम नाही. घरोघरी शस्त्र असणे हा स्वातंत्र्याचा पाया आहे, हे तिकडच्या लक्षावधी लोकांचे मत मला पटत नाही. मी शाळेत शिकवितो. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउन या गावी एका प्राथमिक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे गोळ्यांना बळी पडली, तेव्हा ती बातमी वाचून दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना माझा आवाज नीट निघेना. त्यानंतर आठवड्याभराने हेच लापियेर पत्रकारांपुढे आले आणि प्रत्येक शाळेत सशस्त्र पहारेकरी नेमा, अशी मागणी त्यांनी केली. तो गृहस्थ त्या दिवशी माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. तेव्हा त्यांच्या बिलांच्या बातम्या वाचून मला प्रथम जो झाला तो आनंद होता, आणि तो फारसा शुद्ध नव्हता. बरी जिरली, असे वाटले. पण थोड्या वेळाने मनात आले, की यांत जिरली कोणाची? पुढाऱ्याची, की त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या सामान्य सभासदाची? ज्याचे मत मला मान्य नाही, त्याच्या घरी झालेली चोरी ही चोरी नव्हे काय?

ही संस्था १८७१ साली न्यूयॉर्क राज्यात नोंदली गेली. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या काही अधिकाऱ्यांना आपल्या शिपायांची नेमबाजी फार कच्ची असल्याचे दिसून आले होते. ती सुधारावी, हा मूळ हेतू. पुढे शिकारी आले, खेळ म्हणून नेम धरणारे आले, आणि राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क कोणी हिरावून घेईल या धास्तीने साधे नागरिकही आले. आपले सभासद पन्नास लाखांच्या घरात आहेत, असे संस्था सांगत आली. वर्षाची वर्गणी चाळीस-पंचेचाळीस डॉलर. तिकडच्या मानाने ही रक्कम मोठी नव्हे. पण एखादा शेतकरी, एखादा ट्रकचालक, निवृत्त झालेला एखादा पोलीस ती वर्गणी भरतो तेव्हा तो काही विकत घेत नसतो. आपल्या वतीने कोणीतरी जागे राहील, या भरवशाची ती किंमत असते. अशा पैशाला देवळातल्या दानपेटीतील पैशाची प्रत येते. मग ती पेटी कोणत्या देवापुढची आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

संस्थेला अध्यक्ष असतो, पण तो बहुतांशी शोभेचा. खरी सत्ता कार्यकारी उपाध्यक्षाच्या हाती, आणि १९९१ पासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत त्या खुर्चीवर एकच माणूस बसला होता. एप्रिल २०१९ मध्ये इंडियानापोलिस येथे वार्षिक अधिवेशन भरले. त्या वेळचे अध्यक्ष ओलिव्हर नॉर्थ हे खर्चाविषयी, विशेषतः वकिलांच्या अवाढव्य बिलांविषयी विचारणा करू लागले होते. नॉर्थ आपल्याला धमकावून राजीनामा मागत आहेत, असे लापियेर यांनी संचालकांना कळविले; आणि अधिवेशन चालू असतानाच नॉर्थ यांचे पद गेले. सभासदांच्या खुल्या सभेत लापियेर यांच्याविरुद्ध ठराव आला. तेव्हा घरातील भांडण चव्हाट्यावर नको, असा सूर निघाला आणि ठराव मंडळाकडे सोपविण्यात आला. दोन दिवसांनी त्याच मंडळाने लापियेर यांची फेरनिवड केली.

‘ही वेळ नव्हे’ या तीन शब्दांचा आपण थोडा आदराने विचार केला पाहिजे. ते केवळ ढोंग्यांचे शब्द नव्हेत. संस्थेला शत्रू होते, ही गोष्ट कल्पित नव्हती. न्यूयॉर्कच्या महाधिवक्ता लेटिशिया जेम्स यांनी २०१८ साली त्या पदाची निवडणूक लढवीत असताना या संस्थेला दहशतवादी संघटना म्हटले होते. आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी ही संस्था विसर्जित करावी, अशी मागणी करून फिर्याद दाखल केली. सभासदाच्या जागी आपण आहोत, अशी कल्पना करून पाहावी. ज्या व्यक्तीला आपली संस्थाच नष्ट व्हावयास हवी आहे, तीच व्यक्ती आपल्या पुढाऱ्याचा हिशेब मागत आहे. अशा वेळी आपणही तोच हिशेब मागणे म्हणजे तिच्या रांगेत जाऊन उभे राहणे नव्हे काय? वेढा पडलेल्या किल्ल्यात किल्लेदाराची चौकशी कोणी लावीत नाही. निष्ठा हा काही क्षुद्र गुण नव्हे, आणि जगातील कोणतीही चळवळ त्याच्यावाचून उभी राहिलेली नाही.

हे सारे मान्य करूनही त्या युक्तिवादात एक खोट राहतेच. किल्ल्याचा वेढा केव्हातरी उठतो. अशा संस्थांचा वेढा कधीच उठत नाही. शत्रू दाराशी आहे ही हाकाटी हेच त्यांच्या वर्गणीचे मुख्य साधन असते. ज्या वर्षी धोका मोठा, त्या वर्षी सभासद अधिक. म्हणजे हिशेबासाठी शांततेची वाट पाहावयाची तर ती शांतता येऊ न देण्यातच पुढाऱ्याचे हित असते. हिशेबाची योग्य वेळ या मार्गाने कधी येणारच नाही. दुसरे असे, की शत्रूच्या हाती शस्त्र दिले कोणी? प्रश्न विचारणाऱ्याने, की ज्याच्या वागण्यामुळे प्रश्न निर्माण झाला त्याने? वह्या स्वच्छ असत्या तर जेम्सबाईंच्या मनात कितीही द्वेष असता, तरी न्यायालयात मांडावयास त्यांच्याजवळ काय उरले असते? वेढ्यातल्या किल्ल्यातील धान्याची कोठारे जो गुपचूप रिकामी करतो, तो किल्लेदार असला तरी वेढा घालणाऱ्यांचेच काम करीत असतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. या सभासदांची मूळ श्रद्धा कोणती? सत्ता हाती असलेल्या माणसावर आंधळा विश्वास ठेवू नये, राज्यकर्ता कितीही गोड बोलला तरी नागरिकाने आपले शस्त्र खाली ठेवू नये, ही. या श्रद्धेतून निघणारा बंदुकीचा निष्कर्ष मला पटत नाही, पण तिच्या मुळाशी असलेला सत्तेविषयीचा संशय मला परका नाही. नवल हे, की सरकारविषयी इतका जागता संशय बाळगणारी ही माणसे आपल्याच संस्थेच्या दारात शिरताना तो संशय चपलांबरोबर बाहेर काढून ठेवीत. वॉशिंग्टनमधील सत्ता भ्रष्ट करते आणि आपल्या कचेरीतील करीत नाही, असे त्यांना का वाटावे?

पण त्यांना नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? ‘ही वेळ नव्हे’ हे वाक्य मी प्रथम ऐकले ते अमेरिकेच्या बातमीत नव्हे. आमच्या भागात शिक्षकांची एक पतपेढी आहे. तिच्या वार्षिक सभेचा शिरस्ता ठरलेला. अहवाल वाचला आहे असे समजावयाचे, विषय पुकारला जाताच ‘मंजूर, मंजूर’ म्हणावयाचे आणि जेवणाच्या ताटांचा आवाज आला की उठावयाचे. काही वर्षांपूर्वीच्या एका सभेत एक चित्रकला शिक्षक उभे राहिले आणि इमारत निधीची रक्कम कोठे गुंतविली आहे, असे त्यांनी विचारले. सहकार खात्याकडे तेव्हा कोणाची तरी तक्रार गेलेली होती. सचिव हात जोडून म्हणाले, “सर, संस्था आपलीच आहे. खात्याची नजर आपल्यावर आहे. उद्या प्रशासक बसला तर तुम्हांआम्हांला कर्ज कोण देणार? बाहेरच्यांच्या हाती कोलीत कशाला देता? ही वेळ नव्हे.” सभागृहाने टाळ्या वाजविल्या. तो प्रश्न माझ्याही मनात होता. त्या पानाचा कोपरा मी घरूनच दुमडून आणला होता. पण माझा कर्जाचा अर्ज मंडळापुढे पडून होता. मी उठलो नाही. जेवणाच्या पंगतीत चित्रकला शिक्षकांच्या शेजारची जागा रिकामी राहिली, आणि ती रिकामी ठेवणाऱ्यांत मीही होतो. पुढे दोन वर्षांनी प्रशासक आलाच.

म्हणून लापियेर यांच्या सभासदांनी का विचारले नाही, या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकांत शोधावे लागत नाही. प्रत्येकाचा काहीतरी अर्ज कोठेतरी पडून असतो. कोणाला पद हवे असते, कोणाला मान, आणि ज्याला काहीच नको असते त्याला निदान आपल्या माणसांत बसावयास जागा हवी असते. प्रश्न विचारणाऱ्याला प्रथम गमवावी लागते ती ही जागा.

तरीही याच संस्थेच्या सभासदांनी एकदा विचारले होते. मे १९७७ मध्ये सिनसिनाटी शहरी अधिवेशन भरले होते. त्या वेळच्या पुढाऱ्यांनी मुख्य कचेरी वॉशिंग्टनहून उचलून कोलोरॅडोच्या डोंगरात न्यावयाचे आणि राजकारणातून अंग काढून शिकार, नेमबाजी, निसर्ग यांकडे वळावयाचे ठरविले होते. सभासदांना ते मान्य नव्हते. हार्लन कार्टर आणि नील नॉक्स यांच्या मागे असलेले सभासद शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या घालून सभेत आले. त्यांच्याजवळ होते ते संस्थेच्या घटनेचे पुस्तक आणि सभाशास्त्राचे नियम. एकेक दुरुस्ती मांडीत, एकेक मतदान घेत सभा रात्रभर चालली, आणि पहाटे चारच्या सुमारास जुने पुढारी पदच्युत झालेले होते. कार्यकारी उपाध्यक्षाची निवड यापुढे सभासदांनीच करावयाची, असाही ठराव झाला, आणि कार्टर त्या पदावर निवडून आले.

नुसत्या नियमांच्या बळावर सामान्य सभासदांनी पुढाऱ्यांना खाली उतरविल्याची याहून चांगली उदाहरणे फार थोडी असतील. मात्र या गोष्टीचा उत्तरार्धही सांगावयास हवा. ज्या कार्टरना नॉक्स यांनी खांदा दिला, त्याच कार्टरच्या कारकिर्दीत १९८२ साली नॉक्स यांना पदावरून दूर करण्यात आले. कार्यकारी उपाध्यक्ष निवडण्याचा सभासदांचा हक्कही फार वर्षे टिकला नाही. ती निवड पुन्हा संचालक मंडळाकडे गेली, आणि १९९१ मध्ये लापियेर निवडले गेले ते मंडळाकडूनच. बंड करून आलेले पुढारी बंडाची दारे आपल्यामागे लावून घेतात, हा अनुभव जुनाच आहे. येथे तो फार थोड्या वर्षांत आला, एवढेच.

यातून मला दोन गोष्टी वेगळ्या करून दिसतात, आणि त्यांची गल्लत केल्यानेच पुष्कळ गोंधळ होतो. पुढाऱ्याला दोन प्रकारचा जाब विचारता येतो. एक धोरणाचा: तू आम्हांला कोठे नेतोस? दुसरा पैशाचा: आमचे तू काय केलेस? १९७७ च्या रात्री विचारला गेला तो पहिला जाब. तो विचारताना सभासद खवळून उठतात, कारण धोरणात त्यांच्या भावना गुंतलेल्या असतात. दुसरा जाब विचारताना मात्र ते संकोचतात. जो पुढारी आपल्या मनातले बोलतो, त्याला पैशाविषयी विचारणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटते. लापियेर धोरणात कधी डळमळले नाहीत. सभासदांना जे ऐकावयाचे होते तेच ते तीस वर्षे अधिकाधिक चढ्या आवाजात सांगत राहिले. पहिल्या हिशेबात ते इतके चोख होते, की त्यांना दुसरा हिशेब कोणी विचारलाच नाही. धोरणातली कडवी निष्ठा हे पैशातल्या सैलपणाचे फार उत्तम पांघरूण असते. आपल्याकडे हे पांघरूण कोणकोण वापरतो, ते वाचकांना मी सांगावयास नको.

अमेरिकेतील बंदूकवाद्यांना आपल्या गांधीजींचे एक वाक्य फार प्रिय आहे, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करीत असताना काढलेल्या पत्रकात, एका सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हत्यारांचा कायदा हे ब्रिटिश राज्याचे सर्वांत काळे कृत्य होय, अशा अर्थाचे गांधीजींनी लिहिले होते, आणि आत्मकथेत त्याचा उल्लेख आहे. संदर्भ सोडून ते वाक्य तिकडच्या मंडळींच्या लिखाणात सापडते. त्याच आत्मकथेतील आणखी दोन ठिकाणे त्यांनी वाचली असती तर त्यांचे अधिक कल्याण झाले असते. नाताळ इंडियन काँग्रेसची वर्गणी गोळा करतानाचे अनुभव गांधीजींनी लिहिले आहेत: लहानशा रकमेचीही पावती, पैपैची नोंद, आणि चोख हिशेबावाचून सार्वजनिक कामात सत्य निर्मळ राहत नाही, हा त्यातून निघालेला धडा. दुसऱ्या ठिकाणी ते म्हणतात, की सार्वजनिक संस्थेने कायम निधीच्या व्याजावर जगू नये. तिने लोकांच्या वर्षावर्षाच्या वर्गणीवर जगावे, म्हणजे लोकमताकडे पाठ फिरविण्याची तिची छाती होणार नाही.

हा दुसरा विचार मला फार खोल वाटतो. वार्षिक वर्गणी ही केवळ पैशाची बाब नाही. ते दर वर्षी घेतले जाणारे एक मतदान आहे. नॅशनल रायफल असोसिएशनमध्ये मताचा हक्क कोणाला? आजीव सभासदांना, आणि सलग पाच वर्षे वर्गणी भरणाऱ्यांना. म्हणजे ज्याने एकदाच रक्कम भरून टाकली त्याच्या हाती मत राहते, पण वर्गणी रोखण्याचे शस्त्र जाते. आणि नव्या वार्षिक सभासदाच्या हाती वर्गणी असते, पण मत नसते. त्यातून संचालक मंडळ शहात्तर जणांचे. शहात्तर माणसे सभागृह भरू शकतात, टाळ्या वाजवू शकतात. पण वहीवर वाकून आकडे तपासू शकत नाहीत. ज्या कामाला सर्व जबाबदार असतात, त्याला कोणीच जबाबदार नसतो. घराचे वासे इतके झाले, की कोणता पोकळ आहे ते कळेना.

जानेवारी २०२१ मध्ये याची परिसीमा झाली. न्यूयॉर्कच्या फिर्यादीतून सुटण्यासाठी संस्थेने टेक्सासमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पैसा होता; हवी होती ती पळवाट. आणि हा अर्ज करीत असल्याची कल्पना बहुतेक संचालकांना नव्हती! दीडशे वर्षांची संस्था दिवाळखोर म्हणून न्यायालयाच्या दारी उभी केली जाते आणि तिच्या विश्वस्तांना ते बाहेरून कळते, यापेक्षा विश्वस्तपणाची विटंबना ती कोणती? तेव्हा कॅन्सस राज्यातील न्यायाधीश फिलिप जर्नी हे संचालक उठले आणि संस्थेच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी तपासनीस नेमावा, असा अर्ज त्यांनी न्यायालयात केला. जर्नी हे बंदुकीच्या हक्काचे कट्टर पुरस्कर्ते. शत्रूला मिळाल्याचा ठपका त्यांच्यावर कोणी ठेवणे म्हणजे विनोदच झाला असता. मे महिन्यात न्यायाधीश हार्लिन हेल यांनी तो दिवाळखोरीचा अर्ज सद्भावनेने केलेला नाही, असे सांगून फेटाळून लावला.

पुढील दोन निकाल मात्र विचार करण्याजोगे आहेत. मार्च २०२२ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश जोएल कोहेन यांनी संस्था विसर्जित करण्याची मागणी फेटाळली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आरोप खरे असतील तर नुकसान झाले आहे ते संस्थेचे आणि तिच्या सभासदांचे. मग ज्यांचे नुकसान झाले त्यांनाच बेघर करणे हा न्याय कसा होईल? ‘माझ्यावर हल्ला म्हणजे संस्थेवर हल्ला’ असे लापियेर म्हणत. आणि संस्था म्हणजेच लापियेर, असे धरून जेम्सबाई तिच्या मुळावर उठल्या होत्या. दोन्ही पक्षांची चूक एकच होती, आणि न्यायाधीशांनी ती एका निकालात दाखवून दिली.

दुसरा निकाल २३ फेब्रुवारी २०२४ चा. खासगी विमाने, बहामा बेटांच्या सफरी, कंत्राटदाराच्या आलिशान नौकेवरचा पाहुणचार, असे सारे सहा आठवडे न्यायालयात उलगडत गेले. खटला उभा राहण्याच्या तोंडावरच लापियेर यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा जाहीर केला होता. त्यांच्यामुळे संस्थेचे ५४ लाख डॉलरांचे नुकसान झाले, असे ज्यूरीने ठरविले. आधी परत केलेली रक्कम वजा जाता सुमारे ४३ लाख ५० हजार डॉलर त्यांनी भरावेत, आणि माजी खजिनदार विल्सन फिलिप्स यांनी २० लाख डॉलर भरावेत, असा निकाल झाला. हे पैसे भरावयाचे होते ते सरकारच्या तिजोरीत नव्हे, तर संस्थेलाच. ज्या सरकारी कचेरीचा या सभासदांनी मनापासून द्वेष केला, तिच्याच हातून त्यांचे पैसे त्यांना परत मिळावयाचे होते. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना कायद्याने जे संरक्षण द्यावयास हवे होते ते संस्थेने दिले नाही, असाही ज्यूरीचा निष्कर्ष होता. मला तो पैशाच्या आकड्यांपेक्षा गंभीर वाटतो. पैसे भरून देता येतात. पण ज्याच्या शेजारची जागा पंगतीत रिकामी ठेवली गेली, त्याला ती भरून कशी देणार?

न्याय झाला खरा. तरी मनाला एक रुखरुख लागून राहते. हा हिशेब सभासदांनी घेतला नाही, तो त्यांच्यासाठी दुसऱ्याने घेतला. ज्या घरात कर्त्यांना विचारण्याची सोय उरत नाही, त्या घरात शेवटी बेलीफ येतो. आणि बेलीफ वाटेल तेव्हा येतो, घरच्यांच्या सोयीने येत नाही. ‘ही वेळ नव्हे’ म्हणणाऱ्यांनी वेळ निवडण्याचा आपला हक्कच शेवटी दुसऱ्याला देऊन टाकला.

त्या वर्षी संचालकांच्या निवडणुकीत सभासदांच्या सह्यांवर उभे राहिलेले चार सुधारणावादी निवडून आले. त्यांत फिलिप जर्नी होते, आणि जेफ नॉक्सही होते. हे जेफ नॉक्स म्हणजे १९७७ च्या त्या नील नॉक्स यांचे चिरंजीव. बापाने जे दार उघडले आणि जे त्याच्या देखत लावले गेले, ते मुलाला सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा ढकलावे लागले. वाचणाऱ्याला यात आनंदही होतो आणि थोडी भीतीही वाटते. हे नवे लोक प्रामाणिक असतील. पण १९७७ चे लोकही त्या रात्री प्रामाणिकच होते.

हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे, अशी आपली एक समजूत आहे, आणि सारा घोटाळा तेथेच आहे. संशय आल्यावरच हिशेब मागावयाचा असे ठरविले, की हिशेब मागणे हा आरोप होतो. मग चांगल्या माणसाला विचारणे हा त्याचा अपमान ठरतो आणि वाईट माणसाला विचारीपर्यंत उशीर झालेला असतो. वर्गात पोरांची हजेरी आपण रोज घेतो ती ती पळून गेली असतील म्हणून नव्हे. हजेरी हा वर्ग चालविण्याचा एक भाग आहे. ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच विचारावयाचे असते, आणि बेताने, दर वर्षी, न चुकता विचारावयाचे असते. पुढाऱ्याचे प्रामाणिकपण हे केवळ त्याच्या एकट्याच्या चारित्र्याचे काम नाही. अर्धे ते विचारणाऱ्याचे काम आहे. जो सभासद विचारीत नाही, तो आपल्या पुढाऱ्याला मोहापुढे एकटा सोडून देतो. या अर्थाने लापियेर यांच्या अधःपातात टाळ्या वाजविणाऱ्यांचाही वाटा होता, आणि आमच्या सचिवांच्या अधःपातात माझाही.

आमच्या पतपेढीतून प्रशासक आता गेला आहे. नवे संचालक मंडळ निवडून आले आहे. माणसे चांगली आहेत. त्यांतील दोघे माझे जुने स्नेही. यंदाचा अहवाल गेल्या आठवड्यात पोस्टाने आला. खात्यात काही प्रकरणे अजून चालू आहेत, तेव्हा सभा खेळीमेळीत पार पडावी, अशी विनंती सोबतच्या पत्रात आहे. इमारत निधी सतराव्या पानावर आहे. मी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला आहे, आणि ज्या चित्रकला शिक्षकांना आता निवृत्त होऊन काही वर्षे झाली आहेत, त्यांना एक पत्र लिहावयास घेतले आहे. ते पत्र अद्याप पुरे झालेले नाही. सभेत उभा राहिल्याखेरीज ते पुरे होईल असे मला वाटत नाही.